पाण्याला भिणारे राठोडकाका

फोनवर राठोडकाकांचं नाव दिसलं तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. पलीकडून त्यांची सून रडत होती. मी तिला बोलूच दिलं नाही, ओरडलेच, "ओढ्यात उतरले का ते?"

"न्हाई ओ ताई... घरीच. छातीत कळ आली अन् गेले."

पाण्यानं नाही नेलं, एवढंच आधी कळलं. ते गेले, हे नंतर.

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी शाखा पोस्टमास्तर आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. पण या खुर्चीवर बसले तेव्हा मला शिक्काही सरळ मारता येत नव्हता. तो काकांनी शिकवला. ते टपाल वाटायचे. घर ओढ्यापलीकडच्या तांड्यात. सकाळी पूल ओलांडून यायचे, गावातलं टपाल वाटून तांड्याचं घेऊन परत जायचे. लोकांसमोर मला "म्याडम", एरवी "ताई".

पूल कसला, कठडे नसलेली नुसती फरशी. तिच्यावरून पाणी वाहू लागलं की आमच्याकडचे टपालवाले पिशवी दोरीनं छातीला बांधायचे आणि उतरायचे. जीव गेला तरी टपाल वाहून जाऊ नये, ही जुनी इज्जतीची गोष्ट. एका पावसाळ्यात काका असेच उतरले. मी अलीकडे उभी होते. मध्यावर पिशवी भिजून जड झाली, त्यांना खाली ओढू लागली, आणि भिजलेली गाठ सुटेना... बाभळीची फांदी हाताला लागली म्हणून वाचले.

टपालखात्याच्या पुढच्या बैठकीला उपविभागाचे साहेब आले होते. काका टपालवाल्यांच्या संघटनेचे जुने कार्यकर्ते. आता घोषणाबाजी होणार, असं सगळ्यांना वाटलं. काका उठले आणि म्हणाले, "साहेब, मला पाण्याचं लई भ्या वाटतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "वाघ वाघ म्हनलं अन् शेळी निघाली की!" सगळे हसले.

"शेळीच हाय बाबा," काका म्हणाले. "शेळी पुरात उतरत न्हाई म्हनून तर जिती राहते."

साहेब काकांकडे वळले. मग म्हणाले, "काका, तुमचं काही झालं तर घरी निरोप घेऊन मलाच यावं लागेल. मला त्याचं भ्या वाटतं."

त्या दिवशी भांडण झालंच नाही. साहेब आणि संघटनेनं मिळून ठरवलं: पिशवी अंगाला बांधायची नाही; फरशी दिसेनाशी झाली की टपाल अलीकडेच थांबेल; आणि थांबायचं की नाही ते काठावर उभा असलेला माणूस ठरवेल. पुढच्या पुराला साहेब स्वतः आले आणि पाणी ओसरेपर्यंत काकांसोबत एका छत्रीखाली उभे राहिले.

पण सगळं तोंडी शब्दावर चाललेलं. ते साहेब बदलून गेले. आता काकाही नाहीत. नवा माणूस येईपर्यंत तांड्याचं टपाल मीच नेते.

मागच्या आठवड्यात पिशवीत एका आजीचं औषधाचं पार्सल होतं आणि फरशी दिसत नव्हती. मला पोहता येत नाही. नव्या साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी आमचा ओढा पाहिलेला नाही. "औषध आहे म्हणता... बघा जमतंय का," ते म्हणाले. फोन ठेवला, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माझे हात ओढणीनं पिशवी छातीला बांधत होते.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर काकू दिसल्या. काकांची बायको. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण दोन्ही हात हलवून त्या मला मागं सारत होत्या. मी गाठ सोडली. पुन्हा फोन लावला. "साहेब, मी उतरणार नाही."

 फोनवर साहेब म्हणाले, "थांबा तिथंच. मी निघालो."

ते आले. पाणी उतरल्यावर आम्ही दोघं मिळून औषध देऊन आलो. वाटेत काकूंना विचारलं, त्या नेमक्या तेव्हा काठावर कशा?

"ते पल्याड असले की येऊन उभी राहायची मी, पानी चढलं की... अजूनबी घरात पाय ठरत न्हाई, ताई."

आज सकाळपासून पुन्हा आभाळ भरलंय. पत्र्यावर पावसाचा आवाज वाढत चाललाय. काकू निघाल्या असतील.