आधीच धुतलेले पाय

म्हाताऱ्या फादरांना किळस फार. कुणाला सांगून पटलं नसतं, कारण निराधारांच्या त्या आश्रमात चाळीस वर्षं पू पुसायचा, घाण झालेल्या गाद्या धुवायच्या, सगळं तेच करत. पहिल्याच दिवशी त्यांनी एका हमालाच्या सडक्या पायावरची पट्टी सोडली आणि तिथल्या तिथे भडाभडा ओकले. हमाल म्हणाला, "ओकून झालं असेल तर बांधा आता. वारं लागतंय." त्यांनी बांधली. ती जखम कधी धड भरली नाही आणि फादरांची मळमळही कधी गेली नाही. रोज सकाळी ते नाक मुरडत पट्टी बदलत आणि हमाल त्यांना चिडवी.

यंदा आश्रमावर नवे फादर आले, तरुण आणि चटपटीत. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या आठवणीच्या गुरुवारी आश्रमातल्या बारा जणांचे पाय धुवायची रीत होती. नव्या फादरांनी देणगीदारांना बोलावलं आणि बाराही जणांचे पाय सकाळीच साबणाने घासून, वर पावडर थापून ठेवायला लावले! हमालाचं नाव यादीतून उडवलं.

"त्याचा वास येतो. उद्या सरकारी दवाखान्यात पाठवून देऊ."

"तिथे त्याला हात कोण लावणार?" म्हाताऱ्या फादरांनी विचारलं.

"पाहुणे यायची वेळ झालीय, फादर."

शी, शी! धुतलेले पाय धुवायचे, तेही फोटोसाठी! त्या गोड पावडरीच्या वासाने म्हाताऱ्या फादरांचं तोंड वाकडं झालं. ते तडक वॉर्डात गेले, हमालाला चाकाच्या खुर्चीत घातलं आणि प्रार्थना सुरू असताना थेट रांगेच्या टोकाशी आणून बसवलं. मग गुडघे टेकून पट्टी सोडली.

वास सुटला. पहिल्या रांगेतल्या एका बाईने पदर नाकाला लावला, तिचा नवरा उठून बाहेर गेला. फादरांनी पाय धुतला, पुसला आणि रीतीप्रमाणे त्याचं चुंबन घेतलं.

"आज तोंड वाकडं नाही केलंत?" हमाल कुजबुजला.

"केलं की. सकाळीच, पावडर बघून."

नवे फादर वाकून दातओठ खात पुटपुटले, "उद्या याला घालवतोच."

"मलाही घालवा."

दुसऱ्या दिवशी एकच गाडी आली आणि दोघे तीत बसले. पट्ट्यांचा डबा फादरांच्या मांडीवर होता. आता सरकारी दवाखान्यातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर रोज सकाळी पट्टी बदलली जाते. फादर नाक मुरडतात, हमाल चिडवतो.