अजगरासाठी दोन कड्या

सिंगापुरात बिशानला राहणाऱ्या पद्माकररावांबद्दल लोक म्हणत, की हा माणूस छत्री घ्यायची तरी आधी तीन दुकानांचा तक्ता करील. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. तांजोंग पगारच्या ऑफिसातून सुटले की घर, आणि रविवारी एका छोट्या प्राणी-निवाऱ्यात पिंजरे धुवायला.

२०१३च्या जुलैत तिथे चौदा फुटी अजगर आला. तिथे घरी साप पाळायला बंदी; हौगांगच्या एका फ्लॅटमध्ये कुणी तो चोरून पाळला होता. परदेशात त्याची सोय होईपर्यंत निवाऱ्याने सांभाळायचा, पण एकदा जरी निसटला तर मारून टाकायचा, अशी सरकारी अट होती. निवारा चालवणाऱ्या मिस लिमनी पिंजरा निवडायचं काम अर्थातच पद्माकररावांना दिलं.

तक्ता झाला. काचेची टाकी वरून उघडते, आणि अजगर झाकण डोक्याने उचलतो. जाळीवर नाक घासून जखमा होतात. लाकूड इथल्या दमट हवेत फुगतं. शेवटी जाड प्लास्टिकचा, समोर पारदर्शक दार असलेला आठ फुटी पिंजरा ठरला. दाराला दोन कड्या तेवढ्या आपण बसवायच्या होत्या.

पिंजरा आला तो रविवार नेमका नागपंचमीचा. अजगराला आत सोडलं. मिस लिम ड्रिल घेऊन आल्या आणि पद्माकरराव अडखळले. त्यांच्या आईने या दिवशी कधी विळीला हात लावला नव्हता. चिरायचं नाही, खणायचं नाही, असं पाळलेलं. आणि आज सापाच्याच घराला भोकं पाडायची? उद्या रजा काढून येतो, असं त्यांनी सांगितलं आणि दारासमोर सिमेंटचे दोन ठोकळे ओढून ठेवले. मिस लिमना ते पटलं नाही. पण एवढा तक्ता करणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

दुपारी पद्माकरराव पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसून डबा खाऊ लागले. पत्नी नीलिमाताईंनी पुरणाची दिंडं दिली होती. दुसरं दिंड संपायच्या आत जनावर हललं.

घाई अशी नव्हतीच. नाकाचं टोक दाराच्या फटीवरून तळापासून वरपर्यंत फिरलं, मग दुसऱ्या बाजूने, इंच न इंच. पद्माकररावांनी आयुष्यभर कागद तपासले, पण असं तपासणं त्यांनी पाहिलं नव्हतं. खालच्या कोपऱ्यात ते थांबलं. मागचं सगळं अंग एकेका वेटोळ्याने पुढे येऊन त्या कोपऱ्यामागे उभं राहिलं आणि दार बाहेर आलं. ठोकळे फरशीवर करकरत सरकले.

डबा पडला. पद्माकररावांनी दाराला खांदा लावला. प्लास्टिकच्या पलीकडून येणारा जोर ढकलल्यासारखा नव्हता. भरतीच्या पाण्यासारखा होता, शांत आणि न थकणारा. त्यांचे बूट मागे घसरू लागले. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर पिवळ्या-काळ्या नक्षीचं अंग सरकत होतं. भीती कुठे गेली ते त्यांना कळलं नाही. एवढंच मनात होतं, की हा बाहेर आला तर मरेल, आणि माझ्या पंचमीमुळे मरेल.

हाक ऐकून मिस लिम धावत आल्या. त्यांनीही दाराला पाठ लावली आणि धापा टाकत म्हणाल्या, "अंकल, उद्यापर्यंत असेच उभे राहणार का आपण?"

"ड्रिल आणा," पद्माकरराव म्हणाले. "मी तेवढा वेळ धरतो."

भोकं पडू लागली तसा पिंजरा थरथरला. ती थरथर अंगभर ऐकल्यासारखा अजगर थबकला, माघारी गेला आणि कोपऱ्यात वेटोळं घालून बसला. दोन्ही कड्या लागल्या, कुलपं पडली. पद्माकररावांनी दार चारदा ओढून पाहिलं.

घरी नीलिमाताईंनी विचारलं, आज काही चिरलं-खणलं नाहीत ना?

"आठ भोकं पाडली," ते म्हणाले.

मग पद्माकररावांनी नीलिमाताईंचा तळहात हातात घेतला आणि हळूहळू, वाढत्या जोराने दाबत राहिले, त्यांनी "अहो, पुरे" म्हणेपर्यंत.

"याच्या शंभरपट," ते म्हणाले, "आणि जरासुद्धा राग नव्हता त्यात."