तारेला हळद-कुंकू

आमचं वर्कशॉप सातपूरला. सासऱ्यांचे दोन लेथ, एक सीएनसी मशीन आणि कोपऱ्यात माझं टेबल. तिथे मी काचेच्या तारेचा सेन्सर बनवत होते. मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटमध्ये तेल किती, पाणी किती, हे त्यातून जाताना प्रकाश किती वाकतो त्यावरून कळतं. त्यासाठी तारेचा पेरभर भाग सोलून उघडा ठेवायचा आणि कूलंटमध्ये बुडवायचा. पण कूलंट नुसतं तापलं तरी आकडा हलतो. म्हणून शेजारी नळीत बंद केलेली दुसरी तार. ती फक्त तापमान सांगते, तेवढं वजा करायचं. एका कंपनीचे साहेब दसऱ्यानंतर तो पाहून ऑर्डर देणार होते, पण सासऱ्यांच्या लेखी हा केसाएवढ्या तारेचा पोरखेळ होता. "दसरा झाल्यावर त्या कंपनीवाल्यानं पाहून घेतलं तर ठीक, नायतर कोपऱ्यात ग्राइंडर बसवू," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. शेड त्यांची होती, मी काय बोलणार?

खंडेनवमीला मी झेंडूच्या माळा घेऊन पोचले तोवर पूजा उरकली होती. पाटावर फक्त हत्यारं मांडतात, माझी तार त्यात कधी धरली नव्हती. यंदा मापं घ्यायच्या व्हर्नियर आणि मायक्रोमीटरच्या शेजारी ती होती, आणि नेमकं सोललेल्या जागी हळद-कुंकवाचं बोट. त्या जागेला काहीही चिकटलं की आकडा चुकतो. इतक्या वर्षांत नाही आणि आजच कुठून सुचलं सासऱ्यांना! पण पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी गपगुमान माळा बांधल्या.

उत्तरपूजा झाल्याझाल्या हळद स्पिरिटने पुसायला घेतली. ती वाळून घट्ट बसली होती. कितीही जपलं तरी तार मोडलीच. नवी करून तिचे आकडे जुळवायला बरेच दिवस जाणार होते. कंपनीच्या साहेबांना फोन केला. ते सभ्यपणे म्हणाले, थांबता येणार नाही, आम्ही दुसरीकडून घेतो.

"बाबा, हळदीनं सेन्सर गेला. ऑर्डरही गेली," मी सासऱ्यांना सरळ सांगितलं. त्यांनी मोडकी तार उचलून उजेडात धरली.

"मग ग्राइंडर कधी आणायचा?" मी मुद्दाम तिरकस विचारलं.

"आणून ठेवायचा कुठं?" ते म्हणाले. "तिथं तुझं हत्यार हाय ना. पूजा केलेलं हत्यार कुणी बाहेर काढतं का?"

मला रडू आलं, आणि राग तर अजून गेलाच नव्हता.