वारा सरला का

नर्सबाईनं विचारलं, "वारा सरते ना रोज?" आणि मी मान हलवली. ते साफ खोटं होतं. दोन दिवसांपासून पोटातला वारा सरला नव्हता. पण दारात माझे सासरे उभे होते, हातात तांब्या, पाठ माझ्याकडे. सासऱ्याच्या कानावर जाईल असं हे उत्तर कोणती सून देईल? मी त्यांच्यासमोर कधी खोकलेसुद्धा नव्हते.

खरं सांगायचं तर लाज अर्धीच होती. उरलेलं अर्धं खोटं लेकरासाठी, दवाखान्यातून लवकर सोडावं म्हणून. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची, आणि तिला मोताळ्यापलीकडच्या धामणगावला सासूबाईंच्या ओटीत टाकून मी नागपूरच्या दवाखान्यात पडले होते. आतड्याला पीळ पडला, पोट फुगलं, तेव्हा मलकापूरच्या डॉक्टरनं नागपूर गाठा म्हणून सांगितलं. आमचा वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला बांधलेला. कज्जा असो की पोट, मोठं काम निघालं की नागपूर. तिथं पोट फाडलं, पीळ सोडवला, टाके घातले. नवरा आठ दिवस उशाशी होता, मग त्यालाच हिवतापानं धरलं. तो घरी गेला आणि सासरे आले.

आल्या आल्या ते म्हणाले, "लेकरू वरचं दूध घेऊन नाही राह्यलं. मायचं जुनं लुगडं गालाखाली असन तवाच निजते." हे मला नाही सांगितलं, खिडकीच्या गजाला सांगितलं.

आमच्याकडे सून-सासरे बोलत नसत. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण त्यांनी मला एक शब्द सरळ म्हटला नव्हता. मला सांगायचं ते भिंतीला सांगायचे, मांजराला सांगायचे, आणि मी ऐकायचं. माझं काही असलं तर ते सासूबाईंच्या तोंडून त्यांच्याकडे जायचं. आता सासूबाई नव्हत्या. त्यांचं माझ्यापर्यंत पोचत होतं, माझं तिकडे पोचायला वाटच नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

निघताना डॉक्टरनं त्यांना बजावलं. महिनाभर प्रवास नको खरं तर, पण नेताच आहात तर ध्यानात ठेवा. वारा सरतो आहे तोवर भीती नाही. थांबला, तर पोट पुन्हा बंद पडलं समजा आणि असाल तिथून दवाखाना गाठा, नाहीतर बाई हाती लागायची नाही. पडद्याआडून मी सगळं ऐकलं. ऐकूनही गप्प राहिले. त्या वयात माणूस किती मूर्ख असतो, ते आता कळतं.

गाडीत त्यांनी मला बाकावर निजवलं आणि स्वतः पायाशी बसले. औषधाची गुंगी होती. खिडकीतून पौषातली शेतं मागं जात होती, फुटलेली कपाशी, पांढरी, पुन्हा पांढरी, आणि त्या पांढऱ्यात कुठंतरी माझी मुलगी रांगताना दिसायची. ती अजून रांगत नव्हती. मी हाक मारायची, तर ती वळायची नाही, कपाशीच्या पुढच्या ओळीत शिरायची. स्टेशनवरची घंटा वाजली की मला वाटायचं, तिच्या पायातले वाळे वाजले. मग टाके ओढायचे, मी जागी व्हायची, पोटावर हात ठेवून बघायची. पोट कणकेसारखं घट्ट.

बडनेऱ्याला ते खाली उतरले, पाणी घेऊन आले आणि तांब्याला म्हणाले, "इथून नागपूरची परत गाडी भेटते म्हणतात. कोणाले लागत असन त." मी डोळे मिटून घेतले. अकोल्याला तेच. शेगावला त्यांनी कळसाच्या दिशेनं हात जोडले आणि तांब्याला काहीच म्हटलं नाही. ते विचारत होते, मला कळत होतं. त्यांनाही लाज वाटत होती, माझ्याहून जास्त. सुनेच्या पोटातला वारा पुसायचा कसा?

मलकापूरला धर्मशाळेत मुक्काम केला. ओव्याचं गरम पाणी माझ्या उशाशी ठेवून ते भिंतीला म्हणाले, "ओवा चांगला असते माणसाले." मी सगळं प्याले. काही झालं नाही.

सकाळी त्यांनी ओळखीच्या कास्तकाराकडे ठेवलेली आपली दमणी, बैलांची हलकी गाडी, जुंपली. खाली हातभर कडबा, त्यावर गादी, वर विणलेल्या बांबूचा तट्ट्या. हाकायला स्वतःच बसले. बैल असे चालवले की जणू पाठीवर भरली घागर ठेवली आहे. ऊन तट्ट्यातून ठिपक्याठिपक्यांनी माझ्या अंगावर पडत होतं, आणि ते ठिपके हलत हलत मला कुठंतरी पाण्याखाली नेत होते. पाण्याखाली फार बरं होतं. दुखत नव्हतं. माझं लुगडं वाहत येत होतं आणि त्यावर माझी मुलगी निजली होती. मी हात लांब केला आणि तळमळून जागी झाले. मला भीती वाटली. अशीच जाईन मी, या कडब्यावर, आणि ती पोरगी जन्मभर एका लुगड्याला आई म्हणेल.

मोताळा मागं टाकल्यावर धामणगावची वाट लागते. तिथं ते थांबले. उतरून डाव्या बैलाच्या मानेवर हात ठेवला.

"राजा, आता तूच सांग बापा. मलकापुरात दवाखाना हाये. पुढं काहीच नाही. पुढं जाचं का मांगं फिराचं?"

बैल काय सांगणार? तो शेपटीनं माशा हाकत उभा राहिला. मी पदर तोंडावर ओढला आणि आतून बोलले, "मामाजी, वारा सरला नाही. चार दिस झाले. म्या खोटं सांगतलं."

तीन वर्षांत हे माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं.

ते रागावले नाहीत. बैलाच्या मानेवर थाप मारली. मग वर चढले, कासरा ओढला, हलक्यानं म्हणाले, "फिर राजा. मलकापूर." दमणी वळली. धामणगावची वाट माझ्या पाठीमागं गेली आणि मला रडू फुटलं. दोन कोसांवर लेकरू होतं, आणि मी त्याच्यापासून दूर निघाले होते.

वळताना चाक चाकोरी सोडून घळीत गेलं. असा हिसका बसला की मी टाके दोन्ही हातांनी धरले. आणि वारा सरला. हळूच बिळूच नाही. चांगला लांबलचक, तट्ट्यात घुमत. उजव्या बैलानं कान टवकारले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी तर भर रस्त्यात उघडली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला, आणि त्याच वेळी पोट असं हलकं झालं की हसूही येत होतं.

सासऱ्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पागोट्याचा शेव डोळ्यांना लावला, पुन्हा लावला. मग बैलाला म्हणाले, "देव पावला रे राजा. पलट आता. घरी जाऊ."

वाटेत आणखी दोनदा देव पावला. त्यांनी दोन्ही वेळा बैलालाच शाबासकी दिली.

दुपार कलताना आम्ही दारात पोचलो. सासूबाई मुलीला कडेवर घेऊन बाहेर आल्या, मुलीच्या मुठीत माझं लुगडं. त्यांनी विचारलं, "वाटंनं काही तरास झाला काय?" मी दमणीतच पदर ओढून बसले. सासरे जू सोडत होते. त्यांनी बैलाकडे पाहिलं नाही, तांब्याकडे नाही, भिंतीकडेही नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं.

"जाय माय," ते म्हणाले, "लेकरू घे."