तेरचे काका काम बंद करायला आले होते

मंडळी, आज दुपारचं इथंच सांगते, कारण घरी ऐकायला कुणी नाही.

मी ठिबक सिंचनाचे नकाशे काढून देते. चार वर्षं घरात एकटीनं, सगळं फोनवर. गेल्या महिन्यात धाराशिवला तयार ऑफिसातली एक केबिन भाड्यानं घेतली. टेबल, नेट, चहा सगळं ऑफिसवाल्यांचंच. पण भेटायला कुणी आलं नव्हतं.

आज जवळच्या तेर गावचे काका आले. त्यांचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. समोरासमोर मात्र पहिल्यांदाच भेटलो.

चहा घेताना म्हणाले, "ताई, खरं सांगू का? तुमच्याकडचं काम बंद करतो म्हणून सांगायला आलतो. फोनवर लई तुटक बोलता. वाटलं, आमचा कंटाळा आला तुम्हाला."

मी म्हटलं, "काका, दिवसभर कुणाशी बोलणंच होत नाही. सवयच गेली."

 काकांनी पिशवीतून तीन शेतांची मापं काढून माझ्यापुढं ठेवली. "ही दुसऱ्या कुणाला द्यायला आणलती. आता दर सोमवारी मीच येत जातो," म्हणाले.

ते गेल्यावर केबिन एकदम शांत झाली. फोनवर अशी किती माणसं मी नकळत गमावली असतील? तुमचंही कधी असं झालंय का?