डाव्या कोपऱ्याची जागा

२००३ साली नाशिकच्या एका कंपनीला कबड्डीच्या संघात कॉलेजची एक मुलगी घ्यायची होती. निवड करायला संघातलीच सायली विधाते बोलावली. आमच्या मखमलाबादची, बावीस वर्षांची, डाव्या कोपऱ्यात खेळणारी.

निवड समितीतले साहेब खुर्चीतून हसले, "काल कॉलेजातून सुटलीस, आज परीक्षा घेतेस?"

"खुर्चीतून कळत नाही, सर. पकडीत कळतं."

तिने प्रत्येकीवर स्वतः चढाई केली. घोटीहून आलेल्या दिशा नावाच्या पोरीने तिचा पाय असा धरला, की सुटेचना.

"हीच घ्या," सायली म्हणाली.

"अगं वेडे, ही पण डाव्या कोपऱ्याची. तुझी जागा जाईल!" साहेब म्हणाले.

"जागा काय माझ्या बापाची हाय? मी उजवा कोपरा शिकेन."

शिकली! पोरींना काय कळतं म्हणणाऱ्यांनी त्या दोघींच्या मधून एकदा परत येऊन दाखवावं.