स्टिअरिंगला बांधलेली सुतळी

डोमाजी मिस्त्री यंदा साठ वर्षांचे झाले. त्यांच्या गौरवग्रंथासाठी दोन शब्द लिहा, असा निरोप वरठीच्या मित्रमंडळींनी धाडला तेव्हा मी आधी अंग काढून घेतले. जीप चालवणारा माणूस मी. लेखणी हाती धरली की घाम फुटतो. पण मिस्त्रींबद्दलची एक गोष्ट अशी आहे की ती मीच सांगायला हवी. ती सांगायची हिंमत यायला मला दहा वर्षे लागली.

त्यांची-माझी पहिली ओळख बोलणी खाण्यातून झाली. नवी नवी जीप घेतली होती, त्या ऐटीत मी त्यांच्या गॅरेजपुढे हॉर्नवर हॉर्न देत होतो. ट्रकखालून आवाज आला, “हॉर्न काहून वाजवून राहिला गा? मी बहिरा नाही!” बाहेर येऊन त्यांनी आधी तापलेल्या जीपला पाणी पाजले, मग मला चहा. हा क्रम आजही तोच आहे.

दुसऱ्याचे काम अडले की मिस्त्रींना स्वतःची भूक आठवत नाही. ऐन धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत दिघोरीच्या एका शेतकऱ्याचे पाण्याचे इंजिन बंद पडले. मिस्त्री स्वतः हत्यारांची पिशवी घेऊन एसटीने गेले. जेवायचा आग्रह झाला तर म्हणाले, “आधी धानाच्या बांधीत पानी जाऊ दे, मंग माह्या पोटाचं पाहू.” दुपार कलल्यावर ते बांधावर बसून जेवले, असे तो शेतकरी अजून सांगतो.

आता माझी गोष्ट. पेट्रोल परवडेना म्हणून मी जीपचे इंजिन काढून जुने डिझेल इंजिन बसवायचे ठरवले. मिस्त्रींनी आठ दिवस खपून ते बसवले, इंजिनाचे वरचे झाकण, म्हणजे हेड, उघडून त्याखाली नवे पॅकिंगही घातले. मग नेहमीप्रमाणे स्टिअरिंगला तेलकट सुतळीची पक्की गाठ मारली. हेड उघडलेल्या प्रत्येक गाडीला ते अशी सुतळी बांधत आणि शेवटचे काम झाल्यावर स्वतःच्या हातानेच सोडत.

“पयली गरमी खाल्ली का पॅकिंग दबते अन् नट ढिले पडतात,” ते म्हणाले. “दोन दिवस हळू चालव. मंग गाडी थंडी असताना येजो, मी नट पुन्हा कसतो. तवर सुतळीले हात लावू नको.”

मी मान डोलावली. पण दुसऱ्याच दिवशी बपेऱ्याहून निरोप आला. माझी सोयरीक तिथल्या मारोतरावांच्या सुमनशी जुळत होती आणि ते दोनच दिवसांनी आमचे घर पाहायला येणार होते. मारोतरावांची धानाची गिरणी, माणूस कडक. ज्याला आपली गाडी सांभाळता येत नाही तो बायको काय सांभाळेल, असे ते चारचौघांत बोलून गेले होते. म्हणून तर मी त्यांना नव्या इंजिनाच्या जीपमध्ये आणायला निघालो. स्टिअरिंगवरची ती काळी सुतळी तेवढी शोभेना. गाठ सुटेना, तेव्हा ब्लेडने कापली आणि खिशात टाकली. नट कसून घ्यायला मी गेलोच नाही.

परतताना मोहाडी ओलांडली आणि जीपने पांढरा धूर सोडला. रेडिएटर खदखदू लागला. शेवटी एका भल्या माणसाने बैलजोडी जुंपली आणि होणाऱ्या सासऱ्यांसकट माझी वरात मिस्त्रींच्या दारात आली.

मिस्त्रींची नजर आधी स्टिअरिंगकडे गेली, मग माझ्याकडे. मारोतरावांनी विचारले, “कोनाची चूक म्हनायची जी हे?”

मी घाम पुसायला खिशातला रुमाल काढला.

“माही जी,” मिस्त्री म्हणाले. “नट माह्याच हातानं ढिले रायले.”

गॅरेजात तेव्हा चार गिऱ्हाइके उभी होती; त्यांनीही हे ऐकले. मिस्त्रींनी हेड उतरवले, जळालेले पॅकिंग खरडून काढले, पोलादी पट्टी ठेवून हेड सरळ आहे की नाही ते पाहिले. नवे पॅकिंग घालून मधल्या नटापासून कडेकडे, असे तीनदा नट कसले. इंजिन तापवले आणि थंड व्हायला सोडून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावून पाना माझ्या हातात दिला. “आता तू कस,” एवढेच म्हणाले. रागाचा एक शब्द नाही. माझे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पाहिले नाहीत असे दाखवले.

सोयरीक ठरली. मिस्त्रींचा मात्र बोभाटा झाला. मिस्त्रीचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही, असे लोक म्हणू लागले. एका ट्रकवाल्याने तर गॅरेजच बदलले. मी ऐकत होतो आणि गप्प होतो. एकदा न राहवून विचारले, “भाऊ, तुमी काहून अंगावर घेतलं?” ते म्हणाले, “पॅकिंग एका दिवसात बदलते गा. मोडलेली सोयरीक मी कोन्त्या पान्यानं कसली असती?”

हा लेख धाडण्याआधी मी तो सुमनला वाचून दाखवला. ती उठली आणि पेटीच्या तळातून एक कापलेली, काळी सुतळी घेऊन आली. गाठ तशीच होती. त्या दिवशी रुमाल काढताना ती माझ्या खिशातून पडली होती आणि मारोतरावांनी उचलली होती. त्यांच्या गिरणीच्या इंजिनालाही मिस्त्रींनीच कधी तरी अशी सुतळी बांधली होती, त्यामुळे तिचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

“बाबानं लग्नाच्या आधीच देल्ली मले,” सुमन म्हणाली. “म्हने, पोरगा चुकला हे मले समजलं. पन असा मानूस ज्याच्यासाठी खोटं बोलते, तो पोरगा वाया जानार नाही.”

ती सुतळी मी समारंभात सर्वांसमोर मिस्त्रींच्या हाती देणार आहे. सोडायची ती त्यांनीच. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. वरठीच्या गाड्यांना पाणी आणि आम्हांला चहा त्यांच्या हातून मिळत राहो. आणि ज्यांनी तेव्हा नावे ठेवली त्यांनी हे वाचावे: त्या दिवशी नट ढिले राहिले ते माझ्यामुळे. मिस्त्रींचा हात कधीच ढिला नव्हता.